कोरड्या नदीतला बाप्तिस्मा

आगगाडीत शेजारच्या बाईने "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी सांगायची, "प्रार्थना करते." बाई माझ्या पांढऱ्या लुगड्याकडे बघायची, मांडीवरच्या पिशवीकडे बघायची आणि हळूच म्हणायची, "ते झालं हो, पण पोटापाण्याचं?" तेच पोटापाण्याचं, असं सांगितलं तरी तिचा विश्वास बसायचा नाही. एकदा धरणगावला चढलेले कापसाचे एक व्यापारी तर डबाभर ऐकू जाईल असे हसले. "अहो, आमची म्हातारी दिवसभर माळ ओढते, तिला कुणी कामावर ठेवत नाही!"

मी त्यांना म्हटलं, "तुमच्या म्हातारीला आमच्या दीनाबाईंपुढे एकदा बसवा. पहिल्या सोमवारीच काम सोडून जाईल."

नाताळ अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी लिहायला सांगितल्या तेव्हा वाटलं, हे काम काय होतं तेच आधी सांगावं. मी जळगावच्या बाप्तिस्त मंडळीत बायबलबाई होते. बाप्तिस्त म्हणजे काय, तर आमच्यात तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. माणूस जाणता झाला, स्वतःच्या तोंडाने हो म्हणाला, की त्याला पाण्यात पुरता बुडवून बाप्तिस्मा देतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझी गोष्ट सगळी पाण्याचीच आहे.

त्या काळी पूर्व आणि पश्चिम खानदेशात आमच्या मंडळ्या म्हणजे विखुरलेली घरं. अमळनेरकडे कुठे कौलारू खोली, धुळ्याच्या बाजूला कुठे निंबाखालची ओसरी, यावलकडे केळीच्या बागेत राबणारी तीन-चार कुटुंबं. दर सोमवारी जळगावच्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) आम्ही बायका सतरंजीवर बसून या मंडळ्यांसाठी प्रार्थना करायचो. दीनाबाई आमच्या मुकादम. उंच, सावळ्या, डोळ्यांत कायम थोडा राग. "देवा, सगळ्यांचं भलं कर," असं कुणी म्हटलं की त्या मधेच थांबवायच्या.

"कुणाचं? काय भलं? नाव घे, गाव घे. नीट सांगता येत नसेल तर आधी जाऊन बघून ये."

आणि हीच माझी नोकरी. जाऊन बघून यायचं. गाडीने, टांग्याने, बैलगाडीने, नाहीतर पायी. घराघरांत बसायचं. बायांना मुळाक्षरं शिकवायची, पोरांचे चिकटलेले डोळे धुवायचे, पाणी उकळायला लावायचं, बाळंतपण अडलं तर दवाखान्यापर्यंत सोबत जायचं. त्यात ख्रिस्ती कोण आणि बिगरख्रिस्ती कोण असं बघत बसलं तर दिवस पुरायचा नाही. परत आल्यावर सोमवारी सगळं सांगायचं, म्हणजे मागणं नेमकं व्हायचं. अमक्या गावच्या देवळाचं छप्पर गळतंय. तमक्याची सून बोलत नाही, कारण काय ते कळत नाही.

गिऱ्हाईकंही एकेक भेटायची. धुळ्याला एक टांगेवाले काका दर खेपेला घोडीसाठी प्रार्थना करायला लावायचे, तीही घोडीच्या कानाशी, तिला ऐकू जाईल अशी. यावलच्या एक अक्का महादेवाला नवस बोलायच्या, दर्ग्यात चादर घालायच्या आणि मला हात धरून घरात न्यायच्या. "तुमच्याकडूनही एक करून ठेवा बाई. कुणाला कधी वेळ असेल काय सांगावं!" मला हसू यायचं, पण मी डोळे मिटून मनापासून करायची. त्यांच्या पोटातली कळ खरी होती.

आता ती गोष्ट.

अमळनेरच्या पुढे बोरी नदीच्या काठी एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. गावाबाहेरच्या महारवाड्यातली काही घरं आमच्या मंडळीत येत होती आणि त्या वर्षी बरीच माणसं बाप्तिस्म्याला तयार झाली होती. सगळ्यांत उत्साही होती सखूआजी. काटकुळी, दातांचा पत्ता नाही, पण आवाज असा की नदीपलीकडून हाक मारावी. मुळाक्षरं शिकताना "ळ" काढायला तिला इतकं आवडायचं की पाटी भरून नुसते ळ काढायची. तिचा मुलगा भिका अमळनेरला कापसाच्या जिनिंगात कामाला होता. तोही बाप्तिस्मा घेणार होता. रुंद खांद्याचा, कमी बोलणारा गडी.

पण पाऊस झाला नव्हता. बोरीत वाळूशिवाय काही नव्हतं. अमळनेरचे आमचे पाळकबाबा, म्हणजे तिथल्या मंडळीचे धर्मगुरू, म्हणाले, "पावसाळ्यापर्यंत थांबू. बुडवायचं तर कमरेएवढं पाणी लागतं."

आजी तेवढी उठून उभी राहिली.

"बाबा, मना दिवस आते थोडा शेतस. पावसायापावत मी जगसू का?"

तिला हिवाळ्यापासून खोकला होता आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. ती म्हणत होती ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. जवळपास पाणी होतं ते फक्त शेतकऱ्यांच्या मळ्यांतल्या विहिरींत, तेही तळाला गेलेलं. आणि त्या विहिरींच्या थाळण्याला, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडालासुद्धा, आमच्या लोकांना हात लावता येत नव्हता, मग त्यात उतरण्याचं नावच नको.

मी जळगावला येऊन सोमवारी सांगितलं. दीनाबाईंनी विचारलं, "मग काय मागायचं?"

"पाऊस," कुणीतरी म्हणालं.

"पाऊस सगळा खानदेश मागतोय," दीनाबाई म्हणाल्या. "आपण कमरेएवढं पाणी मागू. बोरीच्या पात्रात. सखूआजीच्या हयातीत."

इतकं नेमकं मागणं मी तोवर ऐकलं नव्हतं. देवाला असं कोंडीत पकडावं का, असं वाटलं. पण आम्ही मागितलं, आणि त्याच आठवड्यात मी पुन्हा गावी गेले तर नदीच्या पात्रात माणसंच माणसं.

भिकाने कामावर खाडा करून नदीत झिरा खणायला घेतला होता. झिरा म्हणजे कोरड्या पात्रात वाळू उपसून केलेला खड्डा; खालचं पाणी त्यात हळूहळू झिरपून साठतं. घरोघरी प्यायला हंडाभर पाणी काढतात तो हाताभर खोल असतो. भिकाला माणूस बुडेल एवढा हवा होता. पुरुष खणत होते, बाया टोपल्यांनी वाळू वाहत होत्या, आणि आजी काठावर बसून ज्याची टोपली अर्धी असेल त्याला ओरडत होती. मी पदर खोचला आणि टोपली उचलली. वाळू पुन्हा पुन्हा ढासळायची. दोन टोपल्या काढाव्यात तर एक परत आत.

तिसऱ्या प्रहरी तळची वाळू काळी झाली, मग ओली झाली, आणि भिकाच्या पायाच्या बोटांभोवती पाणी चमकलं. त्याने खाली वाकून ओंजळ भरली, चाखली आणि वर बघून ओरडला, "गोड शे!"

काय सांगू त्या वेळचं! बाया टोपल्या फेकून नाचायला लागल्या. एकीने भजन धरलं, दुसरीने तिसरंच धरलं, तरी कुणाचं काही अडलं नाही. आजीने मला मिठी मारली तेव्हा तिच्या छातीतली शिट्टी माझ्या कानाशी वाजत होती. रात्रभर झिरपू दिलं तर सकाळी कमरेएवढं होईल, असा अंदाज निघाला. पाळकबाबांना निरोप गेला.

सकाळी पाळकबाबा आले. पाणी खरोखरच साठलं होतं, निळसर, स्थिर. बाप्तिस्म्याचे उमेदवार धुतलेले कपडे घालून रांगेत उभे होते. आणि समोरच्या काठावर गाव उभं होतं.

पुढे होते रघोनाना. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. मळा मोठा, बैल देखणे. त्यांच्या मागे दहा-बारा माणसं, आणि त्यांच्याही मागे बाया, डोक्यावर रिकामे हंडे. रात्रीतून गावच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता, मळ्यांतल्या विहिरीही आटल्या होत्या. माणसांच्या चेहऱ्यांवरून मला वाटलं, आता नदीपात्र आमचं म्हणतील आणि आम्हाला हाकलतील. मागचे दोघे-तिघे तसं पुटपुटतही होते. आमच्या लोकांनी फावडी हातात घेतली. पाळकबाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. प्रार्थना करणं हा माझा धंदा, पण त्या क्षणी मला एक शब्द सुचला नाही.

नाना वाळू तुडवत झिऱ्यापाशी आले. पाण्याकडे बघतच राहिले. मग कुणाच्याही डोळ्यांत न बघता म्हणाले, "विहीर आटनी. बठ्ठा गाव कोरडा पडना. पानी देशात का?"

रघोनानांना कुणाकडे काही मागताना त्या गावात कुणी पाहिलंच नव्हतं.

पेच असा होता. गाव पाणी भरायला लागलं की झिरा कमरेएवढा भरणार नाही. आणि आधी बाप्तिस्मा झाला, एवढी माणसं त्यात बुडून निघाली, की ते पाणी प्यायचं राहणार नाही. दोन्हींपैकी एकच होणार होतं.

भिका फावडं रोवून उभा होता. "इतला वरीस आम्हले तुमना विहिरवर उनमा उभं करं. कोणी वरतीन पानी वाढी तवय आमना हंडा भरे. आते तुम्ही उभा ऱ्हा."

मागच्या माणसांत कुजबुज वाढली. नाना मात्र जागचे हलले नाहीत.

सखूआजी रांगेतून पुढे आली. नवं पांढरं लुगडं नेसून ती सगळ्यांत पुढे उभी होती, पाण्यात पहिली उतरणार होती. ती भिकाजवळ गेली आणि समोरच्या बायांकडे बोट केलं. नानांच्या बायकोच्या, गिरजाअक्कांच्या, कडेवर नात होती.

"ती पोर दख, भिका. व्हट फाटेल शेतस तिना. पहिले त्यास्ले भरू दे. माले थांबानी सवय शे."

भिका आईकडे बघत राहिला. तिचा खोकला सुरू झाला तो थांबेना. तिने थांबायचं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी त्याचा चेहरा अजून विसरलेले नाही. रागही तसाच होता आणि डोळ्यांत पाणीही होतं.

मग तो नानांकडे वळला. "पानी ल्या. पन आम्हीबी आठेच भरसूत. तुमना हंडा आन् आमना हंडा, एकच झिरामा. बोला."

अशी अट त्या गावात कुणी कधी घातली नव्हती. मागची माणसं "चला, चला नाना," म्हणायला लागली. एकाने त्यांचा दंडही धरला. एवढ्यात वाळू घसरल्याचा आवाज आला. गिरजाअक्कांनी नात शेजारणीकडे दिली होती आणि हंडा घेऊन त्या झिऱ्यात उतरत होत्या. कुणाला विचारलं नाही, नवऱ्याकडे पाहिलं नाही. पाय घसरला, सावरल्या, वाकल्या, हंडा बुडवला. बुडबुड असा आवाज आला. भरलेला हंडा खालून एकटीला वर देता येईना. त्या वर बघून म्हणाल्या, "कोणी धरा ना!"

सगळ्यांत जवळ भिकाच होता. त्याने फावडं बाजूला टाकलं. मग गुडघे टेकून त्याने हंडा धरला आणि वर ओढून घेतला. एकाच हंड्याला दोघांचे हात!

त्यानंतर नानांना उत्तर द्यायचं काही राहिलंच नाही. बाया एकामागून एक उतरल्या, या काठच्या आणि त्या काठच्या. काही जणी हंडा रिकामाच घेऊन घरी गेल्या, हेही सांगायला हवं. दुपारपर्यंत झिऱ्यात गुडघाभरही पाणी उरलं नाही. पाळकबाबा पुस्तक मिटून अमळनेरला परत गेले. आजीने घरी जाऊन नव्या लुगड्याची घडी घालून ठेवली आणि ती अंथरुणाला लागली.

मी तिच्याजवळ राहिले. पेज पाजायची, छाती शेकायची, आणि मनातल्या मनात देवाशी चक्क भांडायची. तू कमरेएवढं दिलंस आणि दुपारपर्यंत परत घेतलंस! आजीला मात्र चैन पडेना. "आज किती बाया उन्यात?" एवढंच विचारायची. गिरजाअक्का रोज भरतात, असं सांगितलं की तोंडावर पदर घेऊन हसायची.

आणि एके सकाळी नदीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मी बाहेर धावले. रघोनाना बैलांची जोडी आणि केणी घेऊन पात्रात उतरले होते. केणी म्हणजे शेतातली माती ओढून जमीन सारखी करायचं फळ्यांचं अवजार. एका ओढीत पन्नास टोपल्यांची वाळू सरकत होती. झिऱ्याच्या खालच्या अंगाला, वाहत्या बाजूला, नाना दुसरा खड्डा काढत होते. वरचा प्यायला, खालचा बुडायला! भिका कामावर निघाला होता, तो डोक्याचं मुंडासं काठावर टाकून तसाच पात्रात धावला. थोड्या वेळाने बघते तर नाना बैल हाकतायत आणि भिका केणीवर उभा राहून तिला वजन देतोय. दोघांत एक शब्द नाही.

"नाना," मी काठावरून विचारलं, "हे कशासाठी करताय?"

नाना बैलांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "म्हातारीनं थांबून घेतलं आमच्यासाठी. घरात रोज तेच ऐकतो मी." माझ्याशी ते मुद्दाम शुद्ध बोलायचे. "तुमचा धर्म तुमच्यापाशी. खड्डा माझा."

बाप्तिस्मा झाला तो रविवारी. आजीला खाटेवरून आणलं होतं. दोन्ही काठांवर माणसं. एवढी गर्दी मी जत्रेशिवाय पाहिली नव्हती. पोरं झाडांवर चढलेली. पाळकबाबा छातीशी हात जोडून पाण्यात उभे, आणि भिकाने आईला दोन्ही हातांवर उचलून पाण्यात नेलं. बाबांनी देवाचं नाव घेतलं, तिला मागे झुकवलं, पाणी तिच्या तोंडावरून गेलं. एक श्वास सगळ्या नदीने रोखून धरला. मग आजी वर आली, फुर्रकन पाणी उडवलं आणि तिच्या त्या नदीपलीकडच्या आवाजात ओरडली, "थंड शे वं माय!"

दोन्ही काठ हसले. हसता हसताच आमच्या बायांनी भजन धरलं, आणि या खेपेला सगळ्यांनी एकच धरलं. आजीला बाहेर काढायला माझा हात पुढे झाला, पण माझ्याआधी एक हिरव्या बांगड्यांचा हात पोचला. गिरजाअक्का होत्या. त्यांनी ओल्याचिंब म्हातारीला खांद्याला धरून वर घेतलं आणि कोरडी घोंगडी तिच्याभोवती गुंडाळली. घोंगडी घरची होती, त्यांच्या अंथरुणातली.

पुढच्या सोमवारी मी दीनाबाईंना हे सगळं सांगितलं तेव्हा त्या बाईच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी पाहिलं. "आपण कमरेएवढंच मागितलं होतं," एवढंच त्या बोलल्या, आणि त्या दिवशी कुणालाच मधे थांबवलं नाही.

पावसाळा आला तेव्हा सखूआजी नव्हती. नद्या भरल्या, विहिरी भरल्या आणि गावची विहीर पुन्हा फक्त गावची झाली. आमच्या बायांना पुन्हा उन्हात उभं राहावं लागलं. गिरजाअक्का असल्या तर लवकर पाणी वाढायच्या, एवढाच फरक. याची खंत मला आहे. एका उन्हाळ्याने जग बदलतं असं मी कुणाला सांगितलं नाही, आताही सांगत नाही. पुढे मी पुष्कळ गावं फिरले, पुष्कळ नेमकं मागितलं, आणि कितीतरी मागण्यांना उत्तर आलं नाही.

पण पुढच्या उन्हाळ्यात बोरी आटली तेव्हा मी त्या गावी गेले होते. पात्रात बैल उभे होते, केणी पडली होती आणि रघोनाना आणि भिका एकमेकांसमोर उभे राहून तारस्वरात भांडत होते. झिरा कुठे खणायचा, यावरून. नाना म्हणत होते, वरच्या वळणावर. भिका वाळूत पाय आपटून सांगत होता, "आठेच लागी! तुम्हले काय समजस नाना, तुम्ही बैल हाका!" नाना चिडून त्याला म्हणाले, "तू माले शिकाडी ऱ्हायना का रे?" तो म्हणाला, "हा, शिकाडी ऱ्हायनू!" गावातली माणसं आणि आमची माणसं वाट बघत एकत्र बसली होती. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी मजा बघत होतं, मधे पडायला कुणी उठत नव्हतं.

मी पिशवी खाली ठेवली, वाळूतच बसले आणि ते भांडण पोटभर ऐकलं.